पुणे ते पणजी सायकलने, रेस्क्यूच्या कुत्र्यांसाठी (रूट, देणगी, चर्चा सगळं इथेच)

पायडलमार (धागाकर्ता)

मंडळी, बोलण्यात बरेच हिवाळे गेले, आता ठरलंय. जानेवारीत पुणे ते पणजी ग्रुप राईड, चार दिवसांची, आणि त्यातून जमतील ते सगळे पैसे रेस्क्यूच्या कुत्र्यांना. पुण्याजवळ एक छोटं शेल्टर आहे, त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पत्ता कळला की लोक रात्री गेटवर खोक्यात पिल्लं ठेवून जातात आणि मग तिथल्या दोन-तीन माणसांच्या जीवावर येतं. ज्यांना खरंच द्यायचंय किंवा जाऊन बघायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सगळं सांगतो.

रूट असा धरलाय. पहिल्या दिवशी कात्रज, शिरवळ, खंबाटकी चढून सातारा, ११० किमीच्या आसपास. दुसरा दिवस कराड, पेठ नाका, कोल्हापूर, साधारण १२०. तिसऱ्या दिवशी कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोली, हा सगळ्यात जड दिवस, सव्वाशेच्या घरात जाईल आणि पाय थकल्यावर शेवटी चढ आहे. चौथ्या दिवशी आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी. सगळं मिळून ४५० च्या आतबाहेर.

पैशाचं सोपं ठेवलंय. प्रत्येक सायकलवाल्याने आपापल्या ओळखीत किलोमीटरमागे देणारे लोक गाठायचे. कुणी किलोमीटरला एक रुपया म्हणालं तरी साडेचारशे होतात, आणि असे वीस जण प्रत्येकाला मिळतातच. राहणं, खाणं, सपोर्ट टेम्पोचं डिझेल हे ज्याचं त्याने भरायचं, देणगीतला एक रुपया सुद्धा सायकलवाल्यांच्या इडलीवर जाणार नाही. हे आधीच स्पष्ट सांगतोय.

आणि पैसे पहिले नसबंदी आणि लसीकरणाला. मग उरतील ते ॲक्सिडेंटच्या केसेसना. यावर माझं मत पक्कं आहे. जखमी कुत्र्याचा फोटो बघून लोक लगेच देतात, नसबंदीला कुणी देत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण दोन महिन्यांत एक कुत्री व्यायते, वर्षात दोनदा, त्यातली निम्मी पिल्लं रस्त्यावर चिरडतात किंवा पार्व्हो या आजाराने जातात, आणि उरलेली पुढच्या वर्षी परत तेच. हे थांबवलं नाही तर ॲक्सिडेंट वॉर्ड कधीच रिकामा होणार नाही.

कास_पठार

मी येतोय. खंबाटकीला सकाळी लवकर पोचा, नऊनंतर ट्रकच्या मागे धूर खात चढावं लागतं. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालूच आहे, डायव्हर्जनला खडी आणि पत्रे असतात, तिथे एकामागे एक चला, गप्पा मारत जोडीने नाही. २८ मिमीपेक्षा बारीक टायर आणू नका. पंक्चर किट, दोन ट्यूब, टायर लिव्हर प्रत्येकाकडे स्वतःचे पाहिजेत, टेम्पोत आहेत म्हणून सोडून देऊ नका, टेम्पो नेमका पाच किलोमीटर पुढे गेलेला असतो.

खालच्या_मजल्यावरचा

राईडला शुभेच्छा, पण मला हे पटत नाहीये आणि ते मी लिहिणार. माझ्या मुलीला गेल्या वर्षी आमच्याच गेटसमोर कुत्रं चावलं, मांडीला, इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन शोधत आम्ही रात्री तीन ठिकाणी फिरलो. ती अजून क्लासला एकटी जात नाही. तुम्ही त्याच कुत्र्यांसाठी पैसे जमवताय. माणसांसाठी कोण सायकल चालवणार?

पायडलमार

दादा, वाचून फार वाईट वाटलं, मुलगी आता बरी असेल अशी आशा करतो. तुमचा राग बरोबर आहे आणि तो इथे लिहिलात हेही बरंच केलंत.

मी सायकलवाला आहे म्हणजे कुत्री माझ्याही मागे लागतात. पहाटे साडेचारला हायवेला लागताना गावाबाहेरच्या टोळीने घेरलं की काय होतं ते मला माहीत आहे, ग्रुपमधल्या दोघांनी इंजेक्शनंही घेतलीयेत. आणि म्हणूनच पैसे नसबंदी आणि लशीला म्हणतोय. पिल्लांवाली कुत्री जवळ कुणाला येऊ देत नाही, माजावर आलेल्या कुत्रीमागे नरांची झुंड फिरते आणि तेव्हाच भांडणं नि चावे वाढतात. नसबंदी झाली की ही दोन्ही कारणं जातात. लस दिलेलं कुत्रं चावलं तरी रेबीजची भीती जवळजवळ संपते. तुमच्या मुलीसाठी आणि त्या कुत्र्यांसाठी करायची गोष्ट एकच आहे असं मला मनापासून वाटतं.

गुरांचा_डॉक्टर

सरकारी नोकरीत जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राईडला येणाऱ्यांनी तर वाचाच.

चावलं, किंवा नखाने ओरखडून रक्त आलं, तर पहिली गोष्ट म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे जातो, तो शिरायच्या आत जितका धुवून निघेल तितकं चांगलं. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही. टाके शक्यतो लगेच घालायचे नाहीत. मग दवाखाना. दंडात घेतली तर लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, कातडीत घेतली तर ०, ३, ७, २८ (० म्हणजे पहिली लस घेतली तो दिवस). पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, त्या भीतीने अजून लोक अंगावर काढतात आणि ते जीवावर बेततं. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन पण लागतं, ते जखमेतच भरतात. लक्षणं दिसायला लागल्यावर मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही. जगात वर्षाला साधारण ५९,००० माणसं रेबीजने जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातली ९९ टक्के कुत्र्यामुळे.

तुम्ही गोव्यात चाललात म्हणून सांगतो. तिथे मिशन रेबीज या संस्थेने सरकारला बरोबर घेऊन वर्षानुवर्षं गल्लीगल्लीत जाळी घेऊन कुत्री पकडली, जागेवरच लस टोचली, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढला आणि सोडली, प्रत्येकाची नोंद मोबाईलवर. पट्टा अशासाठी की दुसऱ्या दिवशीच्या टीमला कोणतं राहिलंय ते लांबून दिसतं. सत्तर टक्के कुत्र्यांना लस झाली की साखळी तुटते हे तत्त्व. २०१८ पासून पुढे काही वर्षं गोव्यात माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नव्हता आणि २०२१ साली ते देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं. एकही कुत्रं न मारता. तेव्हा हे होत नाही असं कुणी म्हणू नये.

खालच्या_मजल्यावरचा

डॉक्टर, हे आम्हाला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या एरियात नसबंदी झालेली कुत्री ओळखायची कशी? आणि ती उचलून दुसरीकडे का नेत नाहीत? कोर्टाने तसं म्हटलं होतं ना?

गुरांचा_डॉक्टर

कानाकडे बघा. एका कानाच्या टोकाला छोटी खाच असेल तर ऑपरेशन झालेलं आहे, भूल असतानाच कापतात.

सुप्रीम कोर्टाचं असं की ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा आदेश झाला होता, तो २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने बदलला. नसबंदी, जंतनाशक, लस करून त्याच जागी सोडायचं, फक्त रेबीज झालेलं किंवा फार आक्रमक असेल ते सोडायचं नाही, आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्यायच्या. ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, स्टँड, स्टेशन अशा आवारांसाठी वेगळा आदेश आला, तिथली उचलली तर परत तिथे सोडायची नाहीत. बाकी ठिकाणी २०२३ चे एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे नसबंदीचे) नियम आहेतच. त्याच जागी सोडण्यामागे कारण आहे, एका गल्लीतली कुत्री हलवली की उकिरडा तसाच असतो, मग शेजारची नवी, नसबंदी न झालेली येतात.

हिशेबनीस

चांगला उपक्रम. पण मी जिथे तिथे विचारतो ते इथेही विचारतो. पैसे कुणाच्या खात्यात जाणार? शेल्टर रजिस्टर्ड ट्रस्ट आहे का? ८०जी (देणाऱ्याला आयकरात सूट) आहे का? नसबंदीसाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता आहे का?

पायडलमार

चारही प्रश्नांबद्दल आभार. थेट ट्रस्टच्या खात्यात, माझ्या किंवा ग्रुपमधल्या कुणाच्याही यूपीआयवर काही घ्यायचं नाही असं पहिल्या मीटिंगलाच ठरलं. ट्रस्ट रजिस्टर्ड आहे, ८०जी आहे, बोर्डाच्या प्रोजेक्ट मान्यतेची प्रत मी स्वतः बघितलीये.

हिशेबनीस

मग देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रोख २,००० च्या वर दिली तर ८०जी ची सूट मिळत नाही, तेव्हा ऑनलाईन किंवा चेकने द्या आणि पॅन नंबर कळवा, ट्रस्टला देणगीचा दाखला काढताना तो लागतो. आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर सूट नाहीच. तरी द्या.

न्यूजर्सीकर

इकडून वाचतेय, फार आवडलं. आमच्या इथल्या मराठी मंडळातले पंधरा-वीस जण किलोमीटरला डॉलर द्यायला तयार आहेत. लिंक टाका.

हिशेबनीस

थांबा ताई, आधी पासपोर्ट कोणता ते बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर तुमची देणगी परकीय धरली जात नाही, आपल्या इथल्या खात्यातून खुशाल द्या. अमेरिकन नागरिक झाला असाल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती परकीय देणगी होते. मग संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगीचा कायदा) नोंदणी पाहिजे आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. छोट्या शेल्टरकडे हे बहुधा नसतं. चुकून घेतले तर अडचणीत शेल्टर येतं, देणारा नाही.

न्यूजर्सीकर

आमच्यातले निम्मे नागरिक झालेत. बरं झालं विचारलं. भारतीय पासपोर्टवाले देतील, बाकीच्यांनी इथल्याच ॲनिमल शेल्टरला तेवढेच डॉलर द्यायचे असं ठरवते, तुमच्या किलोमीटरच्या हिशेबाने. रोजचे किलोमीटर इथे टाका म्हणजे झालं.

मोत्याची_आई

सायकल येत नाही पण रोज आमच्या भागातल्या कुत्र्यांना खायला घालते, तुम्ही वाटेत बिस्किटं वाटत गेलात तर फोटोही छान येतील आणि त्यांचं पोटही भरेल. मी दोन खोकी देते.

कास_पठार

मावशी, मन मोठं आहे तुमचं, पण हायवेवर नको हो. एकदा रस्त्याच्या कडेला बिस्किट मिळालं की ते कुत्रं रोज तिथेच येऊन बसतं आणि पुढची गाडी थांबणारी नसते. घाटात तर अजिबातच नाही, माकडंही येतात.

गुरांचा_डॉक्टर

सहमत. त्यापेक्षा खोक्यांचे पैसे रेडियमच्या कॉलरना द्या. ढाब्यावर, पेट्रोल पंपावर राहणारी कुत्री रात्री ड्रायव्हरला दिसतच नाहीत, काळं कुत्रं तर नाहीच. पण कॉलर मोठ्या कुत्र्यालाच आणि इलॅस्टिकची. वाढत्या पिल्लाला घातलेली साधी कॉलर काही महिन्यांत मानेत रुतते, कातडीच्या आत गेलेल्या कॉलर मी कापून काढल्यात. आणि अनोळखी कुत्र्याला तुम्ही घालू नका, ढाब्यावरचा जो पोरगा त्याला रोज भात घालतो त्याच्या हातात द्या.

मोत्याची_आई

पटलं डॉक्टर. कॉलर शिवून देणारी बाई आहे माझ्याकडे, किती पाहिजेत ते कळवा. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते, आपण कॉलर घेऊन जाऊ.

पहिल्यांदाच

मी कधी ६० च्या वर चालवलेली नाही. हायब्रिड सायकल आहे. महिनाभरात होईल का? आणि कुत्रं मागे लागलं तर जोरात पळवायची का थांबायचं? मला त्याचीच जास्त भीती आहे.

पायडलमार

होईल ताई. रविवारी ८०, मग १००, आणि एकदा लागोपाठ दोन दिवस चालवा, कारण खरा कस दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना लागतो. पॅडेड शॉर्ट्स घ्याच. ग्रुपमध्ये बायका बऱ्याच आहेत, मुक्कामाला खोल्या वेगळ्या, आणि सगळ्यात मागे एकजण स्वीप राहतो, तो कुणालाच मागे सोडत नाही.

कुत्र्याचं म्हणाल तर पळवू नका. कुत्रं पळणाऱ्या चाकामागे धावतं. वेग कमी करा, आवाज चढवून नुसतं 'ए, जा' म्हणा, तरी आलं तर खाली उतरा आणि सायकल तुमच्या नि त्याच्या मध्ये धरा, डोळ्याला डोळा भिडवू नका, पाठ फिरवू नका, तसंच हळूहळू चालत पुढे जा. त्याची हद्द संपली की ते आपोआप परत फिरतं. दगड किंवा पंपाने मारायचं नाही, पुढच्या सायकलवाल्याला ते भोगावं लागतं.

आजरा_घनसाळ

आमच्या गावावरून जाताय तर दुपारचं जेवण आमच्याकडे. घनसाळचा भात, आमटी, सगळ्यांना. आजऱ्यातून दीडच्या आत निघा, आंबोलीकडे जाताना जंगल लागतं, अंधार लवकर पडतो आणि गवे रस्त्यावर येतात. कुत्र्यांपेक्षा गव्याला जपा.

पायडलमार

*धागा वर काढतोय.* सातारा पोचलो, सगळे. खंबाटकीच्या वर सूर्य आला तेव्हा थंडीने बोटं ब्रेकवर वळत नव्हती आणि तरी पहिल्यांदाचनी एकदाही न उतरता घाट काढला. किमी ११२. न्यूजर्सीकर, लिहून घ्या.

कास_पठार

दुसरा दिवस, कोल्हापूर, १२१. कराडच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबलो तर मागे कानात अळ्या पडलेलं कुत्रं होतं, डोकं एका बाजूला झुकवून सारखं हलवत होतं, वास दहा फुटांवरून. आधी कुणीच हात लावला नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं ढाब्यावरच्या मुलाने, ज्याच्या हातचं ते खातं, त्याने बँडेजच्या पट्टीने तोंड बांधलं, टेम्पोतल्या चादरीत गुंडाळून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. अळ्या काढल्या, कान वाचेल म्हणतात. तो मुलगा दोन तास कामावरून गेला म्हणून मालक ओरडेल असं वाटलं होतं, मालकाने उलट गाडी दिली यायला.

गुरांचा_डॉक्टर

बरं केलंत. एवढं लक्षात ठेवा, उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. बळजबरीने पाणी पाजायचं नाही. आणि दुखतंय म्हणून माणसाची क्रोसिन-कॉम्बिफ्लाम कधीच नाही, कुत्र्याला ती विषासारखी. जवळ कुणी नसेल तर १९६२ ला फोन करून बघा, फिरता दवाखाना मुख्यतः गुराढोरांसाठी असतो पण जवळचा सरकारी डॉक्टर कुठे ते तरी कळतं.

पहिल्यांदाच

आंबोली!!! १२६!!! आजऱ्याला इतकं प्रेमाने वाढलं की उठवत नव्हतं, आणि शेवटचे दहा किलोमीटर कसे आले ते मला माहीत नाही, स्वीपवाले काका शेजारी राहून नुसतं 'गिअर हलका, श्वास सोडा' एवढंच म्हणत होते. गवा दिसला. लांब होता.

पायडलमार

पणजी, ८८, एकूण ४४७. घाटात सकाळी धुकं इतकं होतं की पुढच्याचा टेललाईट फक्त दिसत होता, म्हणून साडेआठपर्यंत निघालोच नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता सोडून-धरून उतरलो, दोघांच्या रिम तरी चटका बसण्याइतक्या तापल्या. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली तेव्हा सगळे थांबलो, पाणी प्यालो, घरी फोन केले.

हिशेबनीस

ट्रस्टकडून आलेलं स्टेटमेंट मी स्वतः तपासलं. किलोमीटरचे आणि सुटे मिळून तीन लाखांच्या थोडे वर जमलेत, सगळे थेट खात्यात. नसबंदीला पकडण्यापासून परत सोडेपर्यंत कुत्र्यामागे दोन हजारांच्या आसपास खर्च येतोय, दोन लाख चाळीस हजार त्याच्यासाठी वेगळे ठेवलेत, उरलेले ॲक्सिडेंट वॉर्डच्या औषधांना आणि एक्स-रेला. पावत्या मागाल त्याला दाखवू.

खालच्या_मजल्यावरचा

किलोमीटरला दोन रुपये मीही दिलेत. आमच्या सोसायटीच्या आसपास दहा-बारा कुत्री आहेत, एकाच्याही कानाला खाच नाही. यादीत घेता येईल का?

पायडलमार

दादा, पहिली तुकडी तुमच्याच भागातली घेऊ. सहा महिन्यांखालची आणि अंगावर पाजणारी कुत्री आत्ता उचलता येत नाही, बाकीच्यांची यादी, फोटो आणि कोण कुठे झोपतं ते शनिवारपर्यंत पाठवा. ऑपरेशननंतर चार-पाच दिवस तिथे ठेवून परत जिथली तिथेच सोडायचीत, त्यासाठी रविवारी सकाळी मोठी गाडी असलेले दोघं हवेत, पिंजरे शेल्टरचे आहेत. कोण येतंय?

खालच्या_मजल्यावरचा

माझी इर्टिगा आहे. मागची सीट काढून ठेवतो.